दवाखान्याचे संकेतस्थळ : साधन कोणते निवडावे?

नव्याने व्यवसाय सुरू करणारे आपले तरुण सभासद अलीकडे एक प्रश्न हमखास विचारतात : "दवाखान्याचे संकेतस्थळ करायचे आहे; कशात करू?" प्रश्न एक, उत्तरे अनेक. कोणी वर्डप्रेस सुचवितो, कोणी विक्स, कोणी गूगल साइट्स. आता तर कृत्रिम बुद्धिमत्तेला चार वाक्ये सांगितली की काही मिनिटांत पान तयार होते. मी संगणकतज्ज्ञ नाही, लहान मुलांचा डॉक्टर आहे. परंतु आमच्या दवाखान्याचे संकेतस्थळ गेली काही वर्षे मी स्वतः सांभाळतो आणि त्यातून माझे एक ठाम मत बनले आहे. नवशिक्याने साधन निवडताना ‘सुरुवात किती सोपी’ हा विचार दुय्यम मानावा. त्याआधी दोन प्रश्न विचारावेत. यातील मजकूर मला स्वतःला, हवा तेव्हा, बदलता येईल का? आणि पुढे हे साधन सोडावेसे वाटले तर माझे सर्व काही बरोबर घेऊन बाहेर पडता येईल का?

पहिल्या प्रश्नाचे महत्त्व आपल्या इंदूरच्या व्यवसायात विशेष आहे. आपल्याकडे रुग्ण केवळ शहरातून येत नाहीत. देवास, धार, खरगोन येथून तापाने फणफणलेले मूल घेऊन आईवडील निघतात. निघण्यापूर्वी ते फोनवर दवाखान्याची वेळ पाहतात. रंगपंचमीला गेर निघते, राजवाड्याकडचे रस्ते बंद असतात, आणि त्या भागातील दवाखाने त्या दिवशी वेळ बदलतात. ती बदललेली वेळ संकेतस्थळावर नसेल, तर तीन तासांचा प्रवास करून आलेल्या त्या कुटुंबाला कुलूप पाहावे लागते. संकेतस्थळ नसणे एक वेळ परवडले. चुकीचे संकेतस्थळ परवडत नाही.

लसीकरणाच्या वेळापत्रकाचेही तसेच. एप्रिल २०१६ मध्ये देशाने तोंडावाटे द्यायच्या पोलिओ लसीचा प्रकार बदलला, त्याच वर्षी रोटाव्हायरसची लस सरकारी कार्यक्रमात टप्प्याटप्प्याने येऊ लागली, आणि जानेवारी २०२३ पासून टोचून द्यायच्या पोलिओ लसीची तिसरी अंशमात्रा नवव्या महिन्यानंतर देण्यास आरंभ झाला. एकदा छापून भिंतीवर लावलेला तक्ता आपण काढून टाकतो. संकेतस्थळावरील तक्ता मात्र वर्षानुवर्षे तसाच राहतो, कारण तो बदलण्यासाठी ‘करून देणाऱ्या’ माणसाला शोधावे लागते. म्हणून पैसे भरण्यापूर्वी एक परीक्षा घ्यावी. आपल्या मोबाइलवरून दवाखान्याची वेळ स्वतः बदलून पाहावी. पाच मिनिटांत जमले नाही, तर ते साधन कितीही देखणे असले तरी आपल्या उपयोगाचे नाही.

दुसऱ्या प्रश्नासाठी थोडा इतिहास पाहू. १९९४ मध्ये सुरू झालेल्या जिओसिटीजवर असंख्य हौशी आणि छोट्या व्यावसायिकांनी आपली पाने थाटली. १९९९ मध्ये याहूने ती सेवा विकत घेतली आणि २००९ मध्ये अमेरिकेत ती बंद केली. ज्या फ्लॅशच्या हलत्या चित्रांनी एके काळी संकेतस्थळे सजत, त्या फ्लॅशचा आधार २०२० च्या अखेरीस संपला. अगदी अलीकडे, मार्च २०२४ मध्ये, गूगलने व्यवसाय-नोंदणीबरोबर मिळणारी मोफत संकेतस्थळे बंद केली. नकाशावरील नोंद राहिली, पान मात्र गेले. याउलट १९९१ मध्ये सर्न या प्रयोगशाळेत तयार झालेले जगातील पहिले संकेतस्थळ २०१३ मध्ये मूळ पत्त्यावर पुन्हा मांडण्यात आले, आणि त्याची साधी एचटीएमएल पाने आजच्या फोनवरही विनासायास उघडतात. साधेपणाला आयुष्य अधिक असते, हाच यातून घ्यावयाचा बोध.

म्हणून साधनापेक्षाही आधी विकत घ्यावयाची वस्तू म्हणजे डोमेन, अर्थात संकेतस्थळाचा पत्ता. तो स्वतःच्या नावाने, स्वतःच्या ईमेलवरून, स्वतःच्या खात्यातून पैसे भरून घ्यावा. साधन बदलले तरी पत्ता तोच राहतो; घर बदलले तरी नाव बदलत नाही तसे. माझ्या परिचयातील एका सहकाऱ्याच्या संकेतस्थळाचा पत्ता ते करून देणाऱ्याने स्वतःच्या नावावर घेतला होता. पुढे तो गृहस्थ गाव सोडून गेला, फोन उचलेनासा झाला, आणि नूतनीकरणाची तारीख उलटून गेली. औषधचिठ्ठीवर छापलेला तो पत्ता पुढे भलत्याच कोणाकडे गेला. काम दुसऱ्याकडून करवून घेण्यास माझा विरोध नाही. किल्ली मात्र आपल्याच खिशात असावी.

आता प्रत्यक्ष साधनांविषयी. नाव, पत्ता, वेळ आणि दूरध्वनी एवढेच द्यायचे असेल, तर गूगल साइट्स पुरेसे आहे. ते मोफत आहे आणि त्याला स्वतःचा पत्ताही जोडता येतो. विक्ससारखी साधने हाताळण्यास सर्वांत सोपी. चित्र उचलावे, हवे तिथे ठेवावे. परंतु तेथे उभारलेले संकेतस्थळ जसेच्या तसे उचलून दुसरीकडे नेता येत नाही. ते भाड्याचे घर आहे हे जाणून राहावे; भाड्याच्या घरात राहणे काही वाईट नव्हे. ज्यांना पुढे लेख, पालकांसाठी सूचना, दोन-तीन भाषा असा विस्तार करायचा आहे, त्यांना मी वर्डप्रेस सुचवितो. २००३ पासून चालत आलेले हे मुक्त सॉफ्टवेअर जगातील चाळीस टक्क्यांहून अधिक संकेतस्थळांच्या मुळाशी आहे. त्यातील मजकूर बाहेर काढता येतो आणि एका होस्टिंगवरून दुसरीकडे नेता येतो. त्याचा दोष एकच : त्याची निगा राखावी लागते. जोडलेली प्लगइन्स जुनी झाली की तेथूनच घुसखोरी होते. म्हणून अद्ययावतीकरण आणि बॅकअप स्वतः करणारे होस्टिंग निवडावे आणि प्लगइन्स मोजकीच ठेवावीत. पहिल्या वर्षीचा स्वस्त दर पाहून भुलू नये. दुसऱ्या वर्षीचा नूतनीकरणाचा दर आधी वाचावा.

मोफत योजनांबाबत आपल्या व्यवसायाने अधिक सावध असावे. काही मोफत योजनांत, उदाहरणार्थ वर्डप्रेस डॉट कॉमच्या, आपल्या पानावर जाहिराती दिसतात आणि त्या कोणत्या असाव्यात हे आपण ठरवीत नाही. शिशूंसाठीच्या दुग्धपर्यायांची आणि दूधबाटल्यांची जाहिरात १९९२ च्या कायद्याने आपल्या देशात निषिद्ध आहे. स्तनपानाचा आग्रह धरणाऱ्या बालरोगतज्ज्ञाच्या पानावर एखाद्या बालआहाराची जाहिरात झळकली, तर आईने कोणावर विश्वास ठेवावा?

तयार नमुन्यांचीही अशीच गोष्ट. ते उपाहारगृहासाठी आणि सौंदर्यप्रसाधनगृहासाठी एकाच साच्यात घडविलेले असतात. त्यांत ‘ग्राहकांचे अभिप्राय’, ‘आधी आणि नंतर’, ‘आम्हीच सर्वोत्तम’ अशा रिकाम्या चौकटी असतात आणि रिकामी चौकट भरण्याचा मोह माणसाला होतो. परंतु वैद्यकीय आचारसंहितेचे २००२ चे विनियम रुग्ण ओढण्यासाठी जाहिरात करू देत नाहीत. व्यवसायाचा आरंभ, पत्त्यातील बदल, रजा अशा गोष्टींची औपचारिक सूचना देण्यास ते मुभा देतात. आपले संकेतस्थळ या सूचनेच्या मर्यादेत असावे. त्या चौकटी प्रथम पुसून टाकाव्यात. मुलांची छायाचित्रे तर लावूच नयेत. वेळ घेण्यासाठी अर्ज ठेवण्याचीही नवशिक्याने घाई करू नये. त्यात मुलाचे नाव, वय, तक्रार साठते आणि ती सांभाळण्याची जबाबदारी आपल्यावर येते. २०२३ च्या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने बालकांच्या माहितीकडे विशेष लक्ष पुरविले आहे. स्पर्श करताच फोन लागेल असा क्रमांक पुरेसा आहे.

भाषेविषयी एक शब्द. आपल्या बहुतेक रुग्णांची भाषा हिंदी आहे, तेव्हा हिंदी पान हवेच. पण नातवंडाला घेऊन येणाऱ्या आजीसाठी मराठी पान असावे असे मला मनापासून वाटते. ते युनिकोडमध्येच असावे. जुन्या छपाईच्या फॉन्टमधील मजकूर तसाच चिकटविल्यास वाचणाऱ्याला निरर्थक अक्षरे दिसतात आणि शोधयंत्रालाही तो सापडत नाही. मजकुराचे छायाचित्र लावणे हाही उपाय नव्हे. साधनात ‘दुसऱ्या’ आणि ‘बाळ’ हे दोन शब्द टंकून पाहावेत. ते नीट उमटले नाहीत, तर फॉन्ट बदलावा.

"नकाशावरील नोंद आणि व्हॉट्सॲप असताना हा खटाटोप कशाला?" असे काही ज्येष्ठ सभासद विचारतील. नकाशावरील नोंद अवश्य करावी, तीही आधी करावी. परंतु तेथे लोक आपल्याविषयी काय म्हणतात ते दिसते. आपल्याला काय सांगायचे आहे ते सांगण्याची जागा निराळी हवी. मुलाला झटका आला तर काय करावे, कोणत्या लक्षणांत आमची वाट न पाहता थेट मोठे रुग्णालय गाठावे, हे शांतपणे लिहिलेले एक पान रात्री दोन वाजता एखाद्या घराला उपयोगी पडू शकते. ते पान हलके असावे, साध्या फोनवर आणि क्षीण नेटवर्कवरही उघडावे. सरकत्या चित्रांची तेथे गरज नाही.

तेव्हा तरुण मित्रांनो, स्वतःच्या नावाचा पत्ता घ्या, चारच पाने करा आणि ज्यातून बाहेर पडता येते असे साधन निवडा. दर महिन्याच्या पहिल्या तारखेला ती पाने स्वतः वाचून दुरुस्त करा. एवढे करणार नसाल, तर संकेतस्थळ करू नका. दाराबाहेरची वेळेची पाटी तेवढी खरी ठेवा.