शिंगावरचे नाव घासू नका

खंडेनवमीला जुनी हत्यारे घासूनपुसून पुजण्याची आपली चाल चांगली आहे. पण त्या एका दिवशी चिंचेने जेवढा इतिहास धुतला जातो, तेवढा वाळवीनेही खाल्ला नसेल, असे माझे स्पष्ट मत आहे.

आमच्या अंबाजोगाईत एका घरी बंदुकीच्या दारूचे शिंग मी पाहिले. म्हशीचे शिंग, बुडाशी पितळी चकती, तीवर टोचून काढलेली मोडी अक्षरे. एक नाव, पुढे ‘बिन’, पुढे बापाचे नाव. तेही निम्मे झिजलेले. घरधनी ठासून म्हणाले, “हे एका बड्या सरदाराचे शिंग. आजोबा सांगत.”

वाचकहो, महाराष्ट्रात ज्या घरी जावे तेथील तलवार सरदाराची, ढाल सरदाराची. सगळेच सरदार होते, तर मग लढत कोण होते?

तोडेदार बंदुकीला नळीत घालायची दारू निराळी, कानावर घालायची बारीक रंजक निराळी. दारू कोरडी राहिली तर स्वार जिवंत राहायचा. शिलेदारीत घोडे नि हत्यार स्वारानेच आणायचे. मग शिंगावर त्याने आपले नाव घातले तर नवल काय? आमचे गाव निजामी अमलात मोमिनाबाद होते, हैदराबाद कंटिंजंटच्या घोडदळाची येथे छावणी होती. शोध घ्यायचा तर अशा ठिकाणी घ्यावा. शिंग कुठल्या गावाहून आले, विकत की गहाण, हे आधी विचारावे. मग हजेरीपट, इनामाचे कागद, पुण्याचे पेशवे दफ्तर, हैदराबादचे निजामी दफ्तर. ‘बिन’ हीसुद्धा खूण आहे. ब्राह्मणाच्या नावात ती सहसा येत नाही. सावधगिरीही हवी. बिकानेरच्या शस्त्रागारातील कितीतरी हत्यारांवर १६८९ साली अदोनीहून आणल्याची नोंद टोचलेली आहे. तेव्हा नाव मालकाचे, कोठीचे की लुटणाऱ्याचे, हेही पारखावे लागते.

अमेरिकेत १७५४ ते १७६३ च्या फ्रेंच-इंग्रज युद्धातील शिपायांनी शिंगांवर नाव, किल्ला, साल कोरले. तिकडे ती नावे पलटणींच्या यादीशी ताडून पाहतात. आणि आम्ही? यादव सेनापती खोलेश्वराचा मुलगा राम लढाईत पडला. बहीण लक्ष्मीने त्याच्यासाठी देऊळ बांधले, आणि १२४० च्या शिलालेखात, याच अंबाजोगाईत, त्याचे नाव राहिले. त्या स्वाराच्या बहिणीला देऊळ कुठून बांधता येणार! त्याच्या नावाला दोन बोटे पितळ मिळाले, तेही आम्ही दर वर्षी चकाकीसाठी झिजवतो.

मी घरधन्यांकडून एवढेच कबूल करून घेतले, की यापुढे चकतीला चिंच लागणार नाही. कागद ठेवून शिसपेन्सिलीने अक्षरांचा ठसा घेतला आहे, शोध चालू आहे. नाव मात्र येथे छापीत नाही. छापले, तर कार्तिकी पौर्णिमेच्या आत चार वारस उभे राहतील, आणि चौघांचेही पूर्वज सरदारच निघतील.