टँक आज, मासे महिन्याने

पगार झाल्यानंतरच्या रविवारी शिक्रापुरात एक दृश्य हमखास दिसतं. बाइकवर मागे बसलेल्याच्या मांडीवर काचेचा टँक आणि हँडलला लटकवलेली, हवा भरून फुगवलेली पिशवी. पिशवीत चार गोल्डफिश. सणसवाडी-रांजणगावच्या कंपन्यांत कामाला असलेली, इथे खोली घेऊन राहणारी मुलं. शिफ्टवरून परत आल्यावर खोलीत जिवंत असं काहीतरी दिसावं, एवढीच इच्छा. संध्याकाळी स्टेटसला फोटो पडतो आणि आठवडा संपायच्या आत त्यातले दोन मासे उलटे तरंगत असतात.

मग कोणीतरी म्हणतं, ‘आपल्याला मासे लाभत नाहीत.’ किंवा त्याहून मोठं वाक्य, ‘घरावरचं संकट माशाने स्वतःवर घेतलं.’ ऐकायला बरं वाटतं. पण मासा आपल्या संकटाने मेलेला नसतो, आपण भरलेल्या पाण्यात मेलेला असतो. आणि संकटाचं कारण एकदा पटलं की पुढच्या रविवारी तीच चूक करायला आपण मोकळे.

मीही मोकळीच होते. बारावीच्या सुट्टीत घेतलेल्या टँकमध्ये तीन आठवड्यांत माझे अकरा मासे गेले. मासा मेला की मी टँक पूर्ण रिकामा करायचे, खडे आणि फिल्टरचा स्पंज नळाखाली खसाखसा घासायचे, नवं पाणी भरायचे. जितकी स्वच्छता जास्त, तितके मासे लवकर मरायचे. दुकानदाराने निळं औषध दिलं, तेही ओतलं. नवा टँक मासे येण्याआधी महिनाभर तयार करावा लागतो, हे मला कोणीच सांगितलं नाही. मीही विचारलं नाही म्हणा.

होतं असं. मासा ज्या कल्ल्यांतून श्वास घेतो, त्याच कल्ल्यांतून अमोनिया बाहेर टाकतो. विष्ठा आणि उरलेलं खाद्य कुजूनही अमोनियाच तयार होतो. नदीत तो वाहून जातो, पसरतो. तुमच्या दोन फुटी टँकमध्ये जाणार कुठे? तो कल्ले जाळतो, आणि पाणी मात्र काचेसारखं नितळ दिसत राहतं. त्यावर इलाज एकच, काही विशिष्ट जिवाणू. पहिले अमोनियाचं नायट्राइट करतात. तेही विषच. त्याने माशाच्या रक्ताची ऑक्सिजन वाहून न्यायची ताकद जाते आणि एअर पंप चालू असूनही मासा वर येऊन तोंड उघडझाप करतो. दुसरे जिवाणू नायट्राइटचं नायट्रेट करतात. ते बरंच सौम्य असतं आणि दर आठवड्याला थोडं पाणी बदललं की आटोक्यात राहतं.

घरी शेती असेल तर हे तुम्हाला नवीन नाही. उसाला युरिया टाकला की मातीत हेच घडतं. युरियाचा अमोनिया, अमोनियाचं नायट्रेट, ते पिकाच्या मुळांना. १८९०च्या सुमारास सर्गेई विनोग्राडस्की या शास्त्रज्ञाने हे जिवाणू मातीतूनच वेगळे करून दाखवले होते. शेतात ते आधीपासून असतात. नव्या टँकमध्ये मात्र जवळपास नसतातच आणि वाढतातही फार सावकाश. पूर्ण फौज तयार व्हायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात, थंडीत त्याहून जास्त. ते पाण्यात कमी आणि फिल्टरच्या स्पंजवर, खड्यांवर जास्त राहतात. म्हणजे मी दर वेळी नळाखाली घासून धूत होते ती घाण नव्हती, माझ्या माशांना वाचवू शकणारी एकमेव गोष्ट होती.

त्यात आपल्याकडचं पाणी. नळाला येणाऱ्या पाण्यात टीसीएल पावडर असते. तिच्यातलं क्लोरीन माशांनाही घातक आणि या जिवाणूंनाही. म्हणून पाणी उघड्या बादलीत चोवीस तास ठेवून मगच वापरायचं. बोअरचं असेल तर क्लोरीनची भानगड नाही, पण ते जड असतं. गीझरच्या कॉइलवर पांढरा थर धरणारं पाणी बहुधा अल्कधर्मी असतं आणि अशा पाण्यात अमोनिया जास्त विषारी ठरतो. पीएच ७ वरून ८ वर गेला की त्यातल्या विषारी रूपाचं प्रमाण जवळपास दहापट होतं. एखाद्या मावसभावाचा पुण्यातला टँक लगेच मासे सोडूनही तरला असेल, म्हणून तुमचा तरेल असं नाही.

मग करायचं काय? टँक आणा, पाणी भरा, फिल्टर चोवीस तास चालू ठेवा आणि मासे आणू नका. रोज चिमूटभर माशांचं खाद्य टाका. ते कुजेल, अमोनिया होईल, जिवाणूंना जेवण मिळेल. (कल्हईवाले वापरतात तो नवसागर म्हणजे अमोनियाचंच क्षार. काही जण तोही वापरतात, पण बाजारातला कितपत शुद्ध असेल सांगता येत नाही. चिमूट बरी.) प्लास्टिकची खजिन्याची पेटी घेण्याआधी टेस्ट किट घ्या. आधी अमोनिया चढेल आणि उतरेल, मग नायट्राइट चढेल आणि उतरेल. खाद्य टाकणं चालू असूनही दोन्ही शून्यावर राहिले आणि नायट्रेट दिसू लागलं की टँक तयार. निम्मं पाणी बदला आणि दोन-तीनच मासे सोडा. सगळी वरात एकदम नको.

घाई असेल तर विरजण लावा. दह्याचं नव्हे, ओळखीतल्या कुणाच्या जुन्या, निरोगी टँकमधल्या फिल्टरच्या स्पंजचा तुकडा. ओला ठेवूनच आणा आणि तुमच्या फिल्टरमध्ये घाला. आठवडे वाचतात. पुढे स्पंज धुवायचा तो टँकमधूनच काढलेल्या पाण्यात, हलक्या हाताने. आणि लाइट! फिल्टर बराच वेळ बंद राहिला की या जिवाणूंना ऑक्सिजन मिळत नाही. गुरुवारी दिवसभर लाइट जात असेल तर बॅटरीवरचा छोटा एअर पंप घेऊन ठेवा. ज्यांनी मासे आधीच सोडलेत त्यांनी टँक रिकामा करू नये. रोज पाव हिस्सा पाणी बदला, खाद्य अगदी कमी करा.

हे सगळं हौसेपुरतं आहे असं वाटत असेल, तर बायोफ्लॉकचं बघा. २०२०मध्ये प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजना आली. तिच्यात बायोफ्लॉकला अनुदान आहे, त्यामुळे गावाकडच्या मुलांच्या डोक्यात हा विषय आहे. त्या टाक्यांत गूळ किंवा मळी टाकून जिवाणू वाढवतात आणि ते अमोनिया खातात. जिवाणू वेगळे, पण नियम तोच. पाणी तयार व्हायच्या आत बीज सोडलं की माल मरतो. आणि तिथे जातो तो कर्जाचा पैसा, चार गोल्डफिशचा नाही.

म्हणून माझं म्हणणं दुकानदारांनाही आहे. टँक आणि मासे एकाच दिवशी विकू नका. आज टँक द्या, माशांची आगाऊ रक्कम घ्या, महिन्याने बोलवा. सोबत तुमच्या जुन्या टँकमधला स्पंजचा तुकडा फुकट द्या. गिऱ्हाईक जाईल अशी भीती वाटत असेल, तर सध्या काय होतं ते आठवा. मासे मेलेलं गिऱ्हाईक एकदा-दोनदा परत येतं, मग टँक माळ्यावर जातो. ज्याचे मासे जगतात तो वर्षानुवर्षं खाद्य घेतो, आणखी मासे घेतो, मोठा टँक घेतो. आणि दुकानदार सांगत नसेल तर तुम्ही विचारा, ‘हे पाणी तयार व्हायला किती दिवस?’ उत्तर ‘लगेच सोडा’ असं आलं, तर टँक घ्या आणि पिशवी तिथेच ठेवा.

माझ्या नव्या टँकचा आज तेविसावा दिवस. अमोनिया शून्य झालाय, नायट्राइटची नळी अजून जांभळी येते. आजी रोज संध्याकाळी टँकसमोर खुर्ची टाकून बसते. काल म्हणाली, “अगं, ह्यात मासे कधी येणार? नुसत्या पाण्याला कशाला खायला घालतेस?” मी म्हटलं, “पाण्याला नाही गं आजी, पाण्यातल्यांना.” तिने चष्मा लावून बराच वेळ निरखून पाहिलं. “मला तर कोणी दिसत नाही,” म्हणाली, आणि आजची चिमूट तिनेच टाकली.