रूटची किल्ली वाटू नका

संपादक महोदय,



लिनक्सवर ‘बॉइंक’ला ग्राफिक्स कार्ड सापडत नसेल तर बॉइंक सरळ रूट म्हणून, म्हणजे यंत्राचे सगळे अधिकार देऊन चालवा, असा सल्ला आपल्या गेल्या अंकातील प्रश्नोत्तरांत दिला आहे. त्याने कधीकधी कार्ड दिसू लागते, हे खरे. तरीही सल्ला चुकीचा आहे आणि तो मागे घ्यावा, यासाठी हे पत्र.

बॉइंक म्हणजे संशोधन प्रकल्पांसाठी दुसऱ्यांनी लिहिलेले प्रोग्राम उतरवून घेऊन आपल्या यंत्रावर दिवसरात्र चालवणे. डेबियन, उबुंटूमध्ये त्यासाठी मोजक्या अधिकारांचा ‘बॉइंक’ नावाचा वेगळा वापरकर्ता तयार होतो, तो उगीच नव्हे. प्रोग्रामात उद्या काही बिघडले तर त्याची झळ घरच्या फायलींना लागू नये, हा त्यामागचा हेतू. वीजमीटर बघायला आलेल्या माणसाला आपण कपाटाच्या किल्ल्या देत नाही.

माझ्या एएमडी कार्डासाठी मी आठवडाभर ड्रायव्हर काढले, घातले. बॉइंकच्या इव्हेंट लॉगमध्ये मात्र रोज तेच: वापरण्याजोगा जीपीयू सापडला नाही. गंमत अशी की मी स्वतः ‘सीएलइन्फो’ ही उपकरणांची यादी देणारी आज्ञा चालवली की कार्ड नाव आणि मेमरीसकट दिसे. शेवटी तीच आज्ञा बॉइंक वापरकर्त्याच्या नावाने चालवली, तर उपकरणे शून्य! पडद्यासमोर लॉग-इन करून बसलेल्याला प्रणाली कार्डाची परवानगी आपसूक देते, पार्श्वभूमीत चालणाऱ्या सेवेला देत नाही. ‘डीआरआय’ फोल्डरमधली ‘रेंडर-डी १२८’ ही फाइल ‘रेंडर’ गटाच्या मालकीची होती आणि बॉइंक त्या गटात नव्हता. त्याला गटात घातले, सेवा पुन्हा सुरू केली आणि त्याच संध्याकाळी कार्डाचा पंखा घुमू लागला. जेवढे अडले होते तेवढेच उघडले.

एनव्हिडियाची गोष्ट वेगळी. तिथे बहुधा ड्रायव्हरच जागेवर नसतो. कर्नल अद्ययावत झाला पण मॉड्यूल नव्याने बांधले गेले नाही, किंवा सिक्युअर बूटने ते अडवले, तर रूट होऊनही कार्ड दिसणार नाही. म्हणजे एका ठिकाणी हा सल्ला धोक्याचा आणि दुसऱ्या ठिकाणी निरुपयोगी.

एवढे पोटतिडकीने लिहितो, कारण घरच्या कार्डांचे काम खरेच मोलाचे आहे. बॉइंकवर चालणारा ‘आइनस्टाइन ॲट होम’ हा प्रकल्प २००५पासून लायगो वेधशाळेच्या नोंदींत गुरुत्वीय लहरी शोधतो आहे. याच प्रकल्पात २०१०मध्ये अमेरिकेतील आयोवाचे एक दांपत्य आणि जर्मनीतील एक स्वयंसेवक यांच्या संगणकांनी अरेसिबो दुर्बिणीच्या नोंदींतून एक नवा पल्सार शोधून काढला. आपल्याकडे हिंगोली जिल्ह्यात लायगो-इंडिया उभी राहायची आहे. तिच्या ओढीने जी मुले या कामात येतील, त्यांची पहिली ओळख रूटच्या सवयीशी होऊ नये.

पुढच्या अंकात दुरुस्ती छापावी. दोन ओळी पुरतील: आधी ‘सीएलइन्फो’ बॉइंकच्या नावाने चालवून पाहा, तुम्हाला कार्ड दिसते आणि त्याला दिसत नाही, असे निघाले तर बॉइंकला ‘रेंडर’ गटात घाला आणि सेवा पुन्हा सुरू करा.

आपला,
तंत्रनिकेतनातील एक निवृत्त शिक्षक, सांगली