ब्लेड, हळद आणि तीन मेलेली पिल्लं

विषय असा आहे की काही जण नाक मुरडतील. मुरडा, पण शेवटपर्यंत वाचा.

गेल्या पावसाळ्यात एका ओळखीच्या पोराचा फोन आला. लॉकडाऊनमध्ये मुंबईची नोकरी गेली, गावी आला, चार माद्या घेऊन वराहपालन सुरू केलं. घरच्यांनी वर्षभर तोंड फिरवलं होतं, तरी टिकला. फोनवर आवाज पडलेला. "दादा, नर पिल्लं खच्ची करून घेतली. अकरातली तीन गेली."

कोणी केलं? बाहेरून एक माणूस येतो. ब्लेडनं कापतो, वर हळद लावतो, पिल्लामागे पैसे मोजून घेतो आणि पुढच्या शेडवर जातो. ब्लेड तेच. पिल्लं तीन आठवड्यांची झालेली, खाली ओली जमीन, वर माश्या. एकाचं आतडंच बाहेर आलं, दोघांच्या जखमा चिघळल्या.

"अरे, दवाखान्यात विचारायचं ना!"
"विचारलं. डुकराचं आम्ही करत नाही म्हणाले."

कुठला दवाखाना ते मी लिहीत नाही, कारण प्रश्न एका दवाखान्याचा नाहीच.

खच्चीकरण आपल्याला नवं आहे का? आपल्या आजोबांच्या काळात बैल बडवायचे, त्याची वर्णनं ऐकली तरी अंगावर काटा येतो. मग बर्डिझोचा चिमटा आला, रक्त न काढता काम होऊ लागलं. बोकडही खच्ची करतात. पण डुकराचं वृषण अंगाला घट्ट चिकटलेलं असतं, तिथे चिमटा चालत नाही. कापावंच लागतं. म्हणजे खरं तर इथे जास्त कौशल्य हवं, आणि इथेच आपण ब्लेडवाल्यावर सोडून मोकळे!

मुळात करायचं कशाला? वयात आलेल्या नराच्या मटणाला शिजवताना उग्र वास येतो. अँड्रोस्टेनोन आणि स्कॅटोल या दोन पदार्थांमुळे. गिऱ्हाईक एकदा फसलं की परत येत नाही. शिवाय मोठे नर भांडतात, एकमेकांवर चढतात, जखमी होतात.

पण "खच्ची केलं की पिल्लू झपाट्यानं वाढतं" हे जे सर्रास सांगतात, ते अर्धंच खरं आहे. खच्ची नर खातो जास्त आणि चरबी धरतो. खच्ची न केलेला नर त्याच खाद्यात जास्त मांस देतो. म्हणजे वजनकाट्यावर जे दिसतं, त्यातला बराच भाग खाद्याच्या बिलातून आलेला असतो. विकतचं खाद्य घालणाऱ्यानं हा हिशेब कागदावर मांडावा. सहा महिन्यांच्या आत, कमी वजनाला विकणार असाल तर वासाचा धोकाही कमी असतो. ब्रिटन आणि आयर्लंडमध्ये बहुतेक नर खच्ची न करताच वाढवतात. गोव्यात अख्खं भाजायला कोवळी पिल्लं जातात, त्यांना तर ब्लेड लावायचं कारणच नाही.

करायचंच असेल तर वय महत्त्वाचं. पिल्लू साधारण तासाला एकदा पितं आणि आईचं दूध प्रत्येक वेळी जेमतेम वीस सेकंद उतरतं. कुठल्या पिल्लाचा कुठला सड, हे पहिल्या दोन-तीन दिवसांत ठरतं. त्या वेळी कापलं तर दुखणारं पिल्लू मागे पडतं, सड हातचा जातो. उशीर केला तर जखम मोठी, रक्त जास्त, वेदना जास्त. म्हणून पिल्लानं सड धरल्यावर, पण पहिल्या आठवड्यातच. हर्निया आहे का ते आधी तपासायचं, नाहीतर आतडं बाहेर येतं. त्या पोराच्या शेडवर तेच झालं. हत्यार निर्जंतुक, जमीन कोरडी. आफ्रिकन स्वाइन फीव्हर २०२० मध्ये भारतात आला, त्याचा विषाणू रक्तात असतो आणि त्यावर उपचार नाही. एकच ब्लेड शेडोशेडी फिरतंय याचा अर्थ लक्षात घ्या.

आणि वेदना. "लहान पिल्लाला काय कळतं?" असं म्हणणाऱ्यानं एकदा ती किंकाळी ऐकावी. नॉर्वेनं २००२ पासून भूल सक्तीची केली. जर्मनीत १ जानेवारी २०२१ पासून भुलीशिवाय खच्चीकरणाला बंदी आहे. कापायची गरजच न ठेवणारी लसही निघाली आहे, दोन डोसांची. आपल्याकडे उद्या हे सगळं होईल असं मी म्हणत नाही. पण लिग्नोकेन आणि मेलॉक्सिकॅम ही काही परदेशी चैन नाही. मेलॉक्सिकॅम गिधाडांनाही सुरक्षित आहे, हे चिपळूण-म्हसळ्याकडच्या लोकांना सांगायला नको.

कायदा काय म्हणतो? १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यात खच्चीकरणाला सूट आहे, पण "विहित पद्धतीनं" केलेल्या. हळद आणि गंजकं ब्लेड ही कुठली विहित पद्धत?

केंद्राच्या राष्ट्रीय पशुधन अभियानात वराहपालनाला ५० टक्के अनुदान आहे. म्हणजे कागदावर सरकारला डुक्कर चालतं, दवाखान्याच्या दारात मात्र चालत नाही! यामागे काय आहे ते आपण सगळे जाणतो. डुक्कर पाळणारे कोण, आणि त्यांना गावानं कुठे बसवलं, हा तो इतिहास आहे. गाईला ताप आला तर फोन करणारे आपण, डुकराच्या पिल्लाला वेदना होतात म्हटलं की हसतो.

मागण्या साध्या आहेत. जिल्ह्यातल्या पशुधन पर्यवेक्षकांना पिल्लांच्या खच्चीकरणाचं प्रशिक्षण द्या. गोव्यात एला इथल्या केंद्रीय संशोधन संस्थेत डुकरांवर काम चालतं, आपल्यापासून फार लांब नाही. दवाखान्यात भूल आणि वेदनाशामक ठेवा. अनुदान मंजूर करताना शेडला कोण डॉक्टर भेट देणार, ते नावानिशी लिहून घ्या. आणि पाळणाऱ्यांनी १९६२ वर फोन करावा. नकार मिळाला तर तारीख-वेळ टिपून ठेवावी, पुढे बोलायला कागद लागतो.

तो पोरगा अजून टिकून आहे. पुढची वीण गणपतीच्या आसपास आहे. त्या वेळी त्याच्या शेडवर ब्लेडवाला जाणार की डॉक्टर, एवढाच माझा प्रश्न आहे.

पटलं तर तुमच्या गावातल्या जिल्हा परिषद सदस्यापर्यंत पोचवा. नाही पटलं तर खाली लिहा, बोलू. फक्त "शी, काय विषय" एवढंच लिहू नका.