नावात दडलेली दिशा

गेल्या महिन्यात लेक बाळंतपणासाठी माहेरी, नगरला आली. मुलगा झाला. सातव्या दिवशी अकीका करायचे ठरले आणि नाव काय ठेवायचे, यावर घरात चर्चा सुरू झाली. लेकीने 'बिन्यामीन' सुचवले. तिचे मामू लगेच म्हणाले, "हे तर यहुद्यांचे नाव! आपल्यात इतकी नावे असताना हेच कशाला?" लेकीचा चेहरा उतरला. शब्दांविषयी लिहितो म्हणून सगळे माझ्याकडे पाहू लागले.

मी मामूंना एवढेच विचारले, "ह. यूसुफ (अ.) यांच्या सख्ख्या धाकट्या भावाचे नाव काय?" सूरह यूसुफमध्ये ज्याच्या सामानात बादशहाचा प्याला सापडतो, तोच हा भाऊ. कुरआनात त्याचे नाव आलेले नाही. तफसीर लिहिणाऱ्यांनी मात्र ते बिन्यामीन असेच सांगितले आहे. म्हणजे शब्द हिब्रू खरा, पण घराणे ह. याकूब (अ.) यांचे.

आता अर्थ पाहू. हिब्रूत 'बेन' म्हणजे मुलगा. आपण अरबीतून ओळखतो तो 'इब्न' किंवा 'बिन' याचाच भाऊबंद. कोकणातले मराठी बोलणारे ज्यू स्वतःला 'बेने इस्राईल', म्हणजे इस्राईलची मुले म्हणवतात. इस्राईल हे ह. याकूब (अ.) यांचेच दुसरे नाव.

'यामीन'चे अर्थ दोन : उजवा हात आणि दक्षिण दिशा. हे कसे? सकाळी अंगणात उगवत्या सूर्याकडे तोंड करून उभे राहा. उजवा हात आपोआप दक्षिणेला येतो. होकायंत्र नव्हते तेव्हा माणसाचे शरीरच होकायंत्र होते. हिब्रूत पूर्वेला 'केदेम' म्हणजे समोरची बाजू म्हणतात, तर पश्चिमेसाठी 'आहोर' म्हणजे मागची बाजू असाही शब्द येतो. अरबांनीही तसेच केले. मक्केत पूर्वेकडे तोंड केले की उजवीकडे यमन आणि डावीकडे शाम. काबागृहाचा रुक्ने यमानी हाजींना ठाऊक असतोच. तो दक्षिणेकडचा कोपरा.

आणि आपली मराठी? 'दक्षिण' या संस्कृत शब्दाचाही एक अर्थ उजवा असाच आहे. 'पूर्व' म्हणजे समोरची, आधीची; म्हणूनच आपण 'पूर्वी असे होते' म्हणतो. 'केदेम'लाही प्राचीन काळ असा अर्थ आहे आणि आपल्या बोलण्यातला 'कदीम' त्याच कुळातला. संस्कृत आणि हिब्रू या एका कुळातल्या भाषा नाहीत. तरी दोन्हीकडची माणसे सकाळी एकाच सूर्याकडे तोंड करून उभी राहिली आणि उजव्या हाताच्या दिशेला त्यांनी उजवीच म्हटले.

तौरातमध्ये सांगितले आहे, की बाळंतपणात प्राण जाताना आईने या बाळाला 'माझ्या दुःखाचा मुलगा' असे नाव दिले. बापाने ते बदलून बिन्यामीन ठेवले. उजवा हात म्हणजे बळ आणि बरकत. राशी या अकराव्या शतकातल्या ज्यू भाष्यकाराने दुसराही अर्थ दिला आहे. बाकीचे भाऊ दूर उत्तरेकडे जन्मले, हा एकटा खाली कनानमध्ये. म्हणून 'दक्षिणेचा मुलगा'.

हे ऐकून मामू गप्प झाले. मग मी म्हणालो, "मामू, आपण घरात बोलतो ती बोली कोणती? दखनी. 'दक्षिण'चे 'दख्खन' झाले आणि त्यावरून 'दखनी'. मलिक अहमदने 1490 मध्ये निजामशाही उभी केली. तिच्या दरबारात नव्याने परदेशातून आलेल्यांना आफाकी म्हणत आणि या मातीत रुजलेल्यांना दखनी. दक्षिणेचा मुलगा म्हणजे दखनी पोरगाच की! नगरात जन्मलेल्या लेकराला यापेक्षा जवळचे नाव कोणते शोधायचे?"

मामूंनी बाळाला मांडीवर घेतले. जन्मल्यावर त्याच्या उजव्या कानात अजान त्यांनीच दिली होती. त्याच कानाशी वाकून त्यांनी हाक मारली, "बिन्यामीन!"

लेकीच्या डोळ्यांत पाणी आले. अल्लाह या लेकराला नावासारखी बरकत देवो.