रात्रपाळीचा हिशेब

सकाळी सातच्या सुमारास चाकणच्या चौकात वाहतूक पोलिसांनी श्वास तपासायचे यंत्र घेऊन उभे राहावे आणि रात्रपाळी उरकून घराकडे निघालेल्या प्रत्येक दुचाकीस्वाराला त्यात फुंकायला लावावे. जवळपास सगळे सुटतील. तरीही त्यातल्या बऱ्याच जणांनी त्या घटकेला गाडी चालवणे हे प्यायलेल्या माणसाने चालवण्याइतकेच धोक्याचे असते.

१९९७ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या ड्रू डॉसन आणि कॅथरीन रीड या संशोधकांनी काही जणांना एकदा रात्रभर जागे ठेवले आणि एकदा मोजून दारू पाजली. दोन्ही वेळा हात आणि नजर यांच्या मेळाची एकच चाचणी घेतली. सलग १७ तास जागलेला माणूस रक्तात ०.०५ टक्के मद्यार्क असलेल्या माणसाइतका चुकू लागला. २४ तासांनंतर ०.१० टक्क्यांइतका. आपल्या मोटार वाहन कायद्याची हद्द आहे १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम, म्हणजे ०.०३ टक्के. रात्रपाळीचा पहिला दिवस असेल तर कामगार आदल्या सकाळी नेहमीसारखाच उठलेला असतो. दुपारी डोळा लागला तर लागला. नाहीतर पाळी सुटेपर्यंत त्याला जागे होऊन चोवीस तास होत आलेले असतात, आणि घर अजून लांब असते.

‘होते सवय,’ असे जुने कामगार नव्या पोराला सांगतात. सवय मनाला होते. शरीराला सहसा होत नाही, आणि त्याचे कारण आळस किंवा कमकुवतपणा नव्हे. मेंदूच्या तळाशी, डोळ्यांकडून येणाऱ्या नसा एकमेकींना ओलांडतात त्याच्या जरा वर, पेशींचा एक बारीकसा पुंजका असतो. झोप, शरीराचे तापमान, रक्तदाब, पचन यांचे वेळापत्रक तिथून ठरते, आणि ते जुळवले जाते उजेडावर. हे घड्याळ पेशीच्या आत कसे चालते ते उलगडल्याबद्दल जेफ्री हॉल, मायकेल रॉसबॅश आणि मायकेल यंग यांना २०१७ चे नोबेल मिळाले. त्यांचे काम फळमाशीवर होते. रात्रपाळीवाला सकाळी बाहेर पडतो तेव्हा समोर लख्ख ऊन असते, आणि घड्याळ पुन्हा दिवसावर येते. घरी पोचल्यावर कुकरच्या शिट्ट्या, भंगारवाल्याची हाक, पोरांची शाळेची गडबड. उन्हाळ्यात पत्र्याखाली अकरा वाजता झोपून पाहावे म्हणजे कळते. सुट्टीच्या दिवशी तो माणूस पुन्हा दिवसाचा होतो, कारण लग्न, बाजार, पोरांचा अभ्यास यातले काहीच रात्री दोनला नसते.

रात्री दोनला असतो तो कँटीनचा चहा आणि वडापाव. झोप उडवायला तळहातावर तंबाखूही मळली जाते. हे अन्न पोटात जाते तेव्हा स्वादुपिंड अर्धवट झोपेत असते. बोस्टनमध्ये फ्रँक शीअर आणि सहकाऱ्यांनी निरोगी माणसांना प्रयोगशाळेत ठेवून त्यांचे जेवण आणि झोप यांच्या वेळा हळूहळू उलट्या केल्या. २००९ मध्ये निष्कर्ष छापला गेला: ज्या आठ जणांची पुरेशी मोजमापे मिळाली, त्यांतल्या तिघांच्या रक्तातली साखर जेवणानंतर मधुमेहाच्या उंबरठ्यावरच्या माणसासारखी वागू लागली होती. तेही दहाबारा दिवसांच्या आत. अमेरिकेतल्या हजारो परिचारिकांचा वर्षानुवर्षे माग ठेवणाऱ्या अभ्यासातही फिरत्या रात्रपाळीची वर्षे वाढतील तसा मधुमेहाचा धोका चढत गेलेला दिसला.

कर्करोगाबद्दल मात्र जपून बोलावे लागते. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००७ मध्ये पाळीच्या कामाला ‘बहुधा कर्करोगकारक’ या गटात टाकले आणि २०१९ मध्ये नव्याने पुरावे तपासून रात्रीचे काम त्याच गटात ठेवले. ‘बहुधा’ या शब्दाला तिथे वजन आहे. काही मोठ्या अभ्यासांना असा संबंध सापडलेला नाही. डेन्मार्कने मात्र खात्रीची वाट पाहिली नाही. दीर्घकाळ रात्रपाळी केलेल्या आणि स्तनाचा कर्करोग झालेल्या काही स्त्रियांना तिथे भरपाई मिळाली.

आपल्याकडे कामगारांचा लढा तासांसाठी झाला, आणि तो मुंबईत झाला. नारायण मेघाजी लोखंडे यांच्या चळवळीने १८९० मध्ये गिरणी कामगारांना रविवारची सुट्टी मिळवून दिली. तोवर दिवसाला एक नैसर्गिक कुलूप होते, ते म्हणजे सूर्यास्त. १९०५ च्या आसपास गिरण्यांमध्ये विजेचे दिवे सर्रास लागले, ते कुलूप निघाले आणि कामाचा दिवस चौदा-पंधरा तासांवर गेला. १९११ च्या कायद्याने कापड गिरण्यांत पुरुषांना १२ तासांची मर्यादा घातली. पुढे ती टप्प्याटप्प्याने उतरली. डॉ. बाबासाहेब आंबेडकर व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री होते त्या काळात आलेल्या १९४६ च्या दुरुस्तीने आठवडा ५४ तासांवरून ४८ वर आला आणि १९४८ च्या कारखाने कायद्याने तेच धरून ठेवले. पुढे गिरण्या तिन्ही पाळ्यांत चालल्या तेव्हा लालबाग-परळच्या खोल्यांतून माणसे पाळीपाळीने झोपत. एक उठून कामावर गेला की त्याच्या जागेवर दुसरा आडवा व्हायचा. जागेच्या टंचाईचे उदाहरण म्हणून हे नेहमी सांगितले जाते. त्या दुसऱ्याला भर दिवसा, दहा जणांच्या वावरात झोप कशी लागत असेल, हे फारसे कुणी विचारत नाही.

कायद्यानेही विचारले नाही. १९४८ च्या कायद्याला रात्र दिसली ती प्रामुख्याने स्त्रियांच्या बाबतीत: संध्याकाळी सात ते सकाळी सहा त्यांना काम देऊ नये. पुरुषासाठी दुपारी दोनचा तास आणि रात्री दोनचा तास कागदावर सारखेच राहिले.

हीच जुनी त्रुटी आता नव्या रूपात समोर आली आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने कारखान्यांतल्या कामाच्या दिवसाची मर्यादा ९ तासांवरून १२ वर नेण्यास आणि तिमाहीतल्या ओव्हरटाइमची मर्यादा ११५ तासांवरून १४४ वर नेण्यास मंजुरी दिली. आठवड्याची ४८ तासांची मर्यादा तशीच राहील, जास्तीच्या तासांना दुप्पट वेतन मिळेल, असे सांगितले गेले. बेरीज बरोबर आहे. पण बारावा तास हा चौथ्या तासाच्या किमतीचा नसतो. सायमन फोकार्ड आणि फिलिप टकर यांनी निरनिराळ्या ठिकाणच्या अपघातांचे आकडे एकत्र मांडले तेव्हा सकाळच्या पाळीपेक्षा रात्रपाळीत धोका सुमारे ३० टक्क्यांनी जास्त निघाला. सलग चौथ्या रात्री तो पहिल्या रात्रीपेक्षा तिसऱ्या हिश्श्याहून अधिक वाढलेला होता, आणि पाळी आठ-नऊ तासांपलीकडे गेली की पुढचा प्रत्येक तास आणखी महाग पडत होता. प्रेस मशीनवर हात असलेल्या माणसासाठी ही टक्केवारी म्हणजे बोटे असतात.

मोठ्या कारखान्यात निदान पंचिंग असते, युनियन असते. सोसायटीच्या फाटकावरच्या वॉचमनकडे काय असते? बारा तासांची ड्युटी ही तिथली रीतच. आठवड्याचे सहा दिवस धरले तर ७२ तास, आणि सुट्टी नसेल तर ८४. रिलिव्हर आला नाही तर ‘डबल’. तो खुर्चीत पेंगलेला दिसला की कुणीतरी मोबाइलवर त्याचा फोटो काढून सोसायटीच्या ग्रुपवर टाकतो. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय श्रम संघटना यांनी २०२१ मध्ये मिळून काढलेला अंदाज या फोटोखाली लिहायला हरकत नाही: आठवड्याला ५५ किंवा त्याहून जास्त तास काम करणाऱ्यांना, ३५ ते ४० तासवाल्यांच्या तुलनेत, पक्षाघाताचा धोका ३५ टक्क्यांनी आणि हृदयविकाराने मृत्यूचा धोका १७ टक्क्यांनी अधिक, २०१६ या एका वर्षात अशा लांब तासांमुळे जगभरात सुमारे ७,४५,००० मृत्यू. इन्फोसिसच्या नारायण मूर्ती यांनी ७० तासांचा आणि एल अँड टीच्या एस. एन. सुब्रह्मण्यन यांनी ९० तासांचा आठवडा सुचवला तेव्हा मोठा गदारोळ झाला. वॉचमन त्या चर्चेत नव्हता. तो त्या दोन आकड्यांच्या मधोमध कुठेतरी आधीच उभा होता.

निवासी डॉक्टरांची गोष्ट आणखी विचित्र, कारण इथे नियम आहे. १९९२ च्या केंद्रीय निर्देशांनुसार सलग १२ तासांहून जास्त आणि आठवड्याला ४८ तासांहून जास्त काम नसावे. सरकारी रुग्णालयातल्या कुठल्याही निवासी डॉक्टरला हे वाचून दाखवले तर तो हसेल, वेळ असेल तर. अमेरिकेत २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत अतिदक्षता विभागातल्या शिकाऊ डॉक्टरांच्या लांबलचक पाळ्या कमी केल्या. जुन्या पद्धतीच्या पाळ्यांमध्ये गंभीर चुका ३६ टक्क्यांनी जास्त होत होत्या. म्हणजे डॉक्टरच्या जागरणाचे बिल रुग्णाच्या नावावरही फाटते.

रात्रपाळी बंद करा असे कुणी शहाणा म्हणणार नाही. रुग्णालय, वीजकेंद्र, रेल्वे, काचेची आणि पोलादाची भट्टी यांना रात्र नसते. प्रश्न ती कशी लावायची याचा आहे, आणि त्याचे उत्तर बऱ्यापैकी माहीत आहे. अमेरिकेत युटा राज्यातल्या एका पोटॅश कारखान्यात पाळ्या दर आठवड्याला उलट्या दिशेने फिरत. चार्ल्स झायस्लर आणि सहकाऱ्यांनी ती दिशा सुलट केली: सकाळ, मग दुपार, मग रात्र. शरीराचे घड्याळ पुढे ढकलणे मागे ओढण्यापेक्षा सोपे जाते. पाळी तीन आठवड्यांनी बदलू लागली. कामगारांचे समाधान वाढले, नोकरी सोडणे घटले आणि उत्पादनही वाढले, असे त्यांनी १९८२ मध्ये नोंदवले. इतका काळ एकाच पाळीत राहण्याबद्दल आज तज्ज्ञांत मतभेद आहेत. दिशेबद्दल फारसे नाहीत.

जिनिव्हाच्या आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेचा रात्रीच्या कामाविषयीचा १७१ क्रमांकाचा करार १९९० चा आहे. कामगाराने मागितल्यास रात्रपाळीवर जाण्याआधी आणि नंतर ठरावीक काळाने मोफत आरोग्य तपासणी, आणि रात्रपाळी झेपत नसेल तर शक्य तिथे दिवसाचे काम, हे त्यात आहे. भारताने तो स्वीकारलेला नाही. आपल्या कायद्यातल्या व्यवसायजन्य रोगांच्या यादीत सिलिकोसिस आहे, कापसाच्या धुळीने होणारा बिसिनोसिस आहे, आवाजाने येणारे बहिरेपण आहे. पाळीच्या कामाने जडणारे काही नाही. वीस वर्षे थर्ड शिफ्ट केलेल्या माणसाला पंचेचाळिशीत झटका आला तर तो त्याचा खासगी झटका ठरतो.

पिंपरी-चिंचवडच्या पट्ट्यात दर तीनचार वर्षांनी वेतनकरार होतात. पगारवाढ किती, रात्रपाळीचा भत्ता किती, हे बातमीत ठळक छापून येते. सलग किती रात्री लावायच्या, पाळी कुठल्या दिशेने फिरवायची, रात्री वीस मिनिटे पाठ टेकायला जागा मिळणार का, पन्नाशीनंतर रात्रपाळीतून सुटका मागता येईल का, ही चार कलमेही त्याच टेबलावर मांडता येतात. त्यासाठी ना जिनिव्हाची परवानगी लागते, ना मंत्रालयाची.