मूठभर मेथीची बाग

दुकानाचा कारभार मुलांच्या हाती सोपवून गृहस्थ बागेकडे वळतो, तेव्हा पहिली चूक बहुधा उत्साहाच्या भरात होते. रोपवाटिकेतून एकदम गुलाब, मोगरा, शेवंती अशी दहा-बारा रोपे येतात. दोन महिन्यांत निम्म्या कुंड्या रिकाम्या होतात आणि ‘आपल्या हाताला गुण नाही’ असे ठरवून हौस गुंडाळली जाते. वास्तविक दोष हाताचा नसतो. अल्प भांडवलावर धंदा शिकणाऱ्याचा तोटाही अल्प असतो, शिकवण मात्र पुरती मिळते. बागेचेही तसेच आहे.

आरंभासाठी मेथी उत्तम. स्वयंपाकघरातील मूठभर दाणे रात्रभर भिजवावेत. सहा इंच खोलीच्या पसरट कुंडीत माती व चाळलेले शेणखत मिसळून ते विरळ पेरावेत आणि वर अर्धा इंच माती पसरावी. कुंडीला रोज चार-पाच तास ऊन मिळावे. चार-पाच दिवसांत कोंब दिसतात आणि महिनाभरात भाजी खुडण्याजोगी होते. चातुर्मासात पालेभाजी वर्ज्य करणाऱ्या घरांनी कार्तिकी पौर्णिमेनंतर पेरणी करावी. मेथीला थंडी मानवतेच.

नवशिक्याची रोपे तहानेपेक्षा अतिपाण्याने अधिक दगावतात. मुळांना पाण्याइतकीच हवाही लागते. माती सतत चिखलासारखी राहिली की तिच्यातील हवा निघून जाते, मुळे कुजतात आणि पाने कोमेजतात. ती कोमेजलेली पाहून घरचे आणखी पाणी घालतात! म्हणून आधी मातीत बोटाचे एक पेर खुपसून पाहावे. ओल लागली तर त्या दिवशी पाणी देऊ नये. कुंडीच्या तळाचे छिद्रही मोकळे असावे.

अहिंसा पाळणाऱ्या घरात किडीचा प्रश्न नाजूक असतो. तेथे ती होऊ न देणे हाच मार्ग. दाट पेरणी टाळावी, हवा खेळती ठेवावी आणि खताचा अतिरेक करू नये. फार खताने पाने कोवळी, रसरशीत होतात आणि त्यांवर मावा लवकर येतो.

पहिल्या खुडणीत जेमतेम एका वेळच्या ठेपल्यांपुरती मेथी निघते. कुंडी, माती, खत यांचा खर्च मांडला तर ती बाजारभावापेक्षा महागच पडते. तरीही त्या दिवशी ताटाभोवती नातवंडे ‘ही आपली मेथी का?’ असे विचारतात, आणि आजोबा दुसऱ्या कुंडीसाठी दाणे भिजत घालतात.